सुडोतली त्रुटी आणि आमची रिकामी लॅब

२७ जानेवारी २०२१, बुधवार. आदल्या सकाळी कॉलेजात मोजक्या लोकांत झेंडावंदन झालं होतं, आणि त्याच रात्री, आपल्याकडे निजानीज व्हायच्या वेळेस, क्वालिस या सुरक्षा कंपनीने सुडोमधली, म्हणजे लिनक्सवर परवानगी असलेल्याला मुख्य खात्याच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या प्रोग्रॅममधली, बफर ओव्हरफ्लोची (घेतलेल्या जागेपलीकडे मेमरीत लिहिलं जाण्याची) त्रुटी जाहीर केली. मी ते दुसऱ्या दिवशी नागपुरात बर्डीहून हिंगण्याकडे जाणाऱ्या मेट्रोत वाचलं. एका वाक्याशी थांबलो. मशीनवर खातं असलेला कुणीही, त्याला सुडोची परवानगी नसली तरी, रूट, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं, होऊ शकतो.

मी हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. कोरोनामुळे पोरं घरी होती. सी भाषेचे प्रॅक्टिकल अडू नयेत म्हणून आम्ही एका लिनक्स सर्व्हरवर दोनशेवर मुलांना खाती उघडून दिली होती; कुणी काटोलहून, कुणी गोंदियाहून लॉगिन करायचं. पोरांवर माझा अविश्वास नव्हता. पण बऱ्याच जणांचा पासवर्ड म्हणजे स्वतःचा रोल नंबर होता. बाहेरच्या कुणी एक जरी ओळखला असता, तरी सगळ्यांचं काम त्याच्या हाती गेलं असतं.

त्रुटी नेमकी काय, हे समजून घ्यायला मला तासभर लागला. सुडो कमांडमधल्या शब्दांची लांबी मोजतो, तेवढीच जागा मेमरीत घेतो आणि मग एकेक अक्षर तिथे उतरवतो. मध्ये बॅकस्लॅश आला की तो गाळून पुढचं अक्षर उचलायचं, असा नियम. आता शब्द बॅकस्लॅशवरच संपला तर पुढे काय असतं? शब्द संपल्याची खूण, शून्य बाइट. सुडो तीही अक्षर समजून उचलतो. थांबायची खूणच मागे पडते आणि शब्दापलीकडे मेमरीत जे असेल ते तो उतरवत सुटतो. घेतलेली जागा संपते, लिहिणं चालूच राहतं. पलीकडे काय असावं हे हल्ला करणाऱ्याला ठरवता येतं, आणि सुडो तर रूटच्या अधिकाराने चालत असतो. एरवी असा सुटा बॅकस्लॅश इथवर पोहोचत नाही, पण सुडो फाइल संपादनासाठीच्या सुडोएडिट या नावाने, -एस हा पर्याय देऊन चालवलं की ती वाट उघडी राहत होती. ही चूक जुलै २०११ मध्ये शिरलेली. आमची २०२१ ची सेकंड इयरची पोरं तेव्हा पाचवीत असतील.

तपासायची रीत सोपी होती. साध्या खात्यातून 'सुडोएडिट -एस /' द्यायचं. उत्तर 'सुडोएडिट:' ने सुरू झालं तर मशीन धोक्यात, 'युसेज:' ने सुरू झालं तर ठीक. मुख्य सर्व्हरने आधी पासवर्ड मागितला आणि मग पहिलं उत्तर दिलं. विभागप्रमुख मॅडमना फोन केला. शुक्रवारी सबमिशन होतं, म्हणून त्या काळजीत होत्या. "अर्धा तास बंद ठेवतो मॅडम, जास्त नाही," म्हटलं. सर्व्हरवर उबुंटू २०.०४ ही लिनक्सची आवृत्ती होती, तिच्यासाठी त्रुटी बुजवणारा पॅच आलेला होता. पाच मिनिटांत काम झालं.

मग लॅबमधले साठ पीसी. लॅबचे मदतनीस काका एकेक स्विच लावत होते. "सर, पोरं तं घरीच हायेत, मशीनी कायले चालू करता जी?" मी सांगितलं की पोरं आली त्या दिवशी घाई करण्यापेक्षा आज केलेलं बरं. पीसी चालू झाले, पण अपडेट सुरूच होईना. दर वेळी लॉकची, म्हणजे अपडेटची व्यवस्था आधीच अडकलेली असल्याची, तक्रार. जबरदस्तीने लॉक काढायचा मोह झाला होता. मग पाहिलं तर मशीन चालू होताच आपलं आपणच सुरक्षा अपडेट उतरवायला बसलं होतं. महिनोन्‌महिने बंद असल्याने त्याला वेळ लागत होता, एवढंच. आम्ही चहा घेतला, थांबलो, आणि मग प्रत्येकावर चाचणी दिली.

खरी परीक्षा जुन्या सर्व्हरची होती. सबमिशन आणि मार्क त्याच्यावर, आणि सिस्टीम उबुंटू १४.०४. तिचा नेहमीचा आधार एप्रिल २०१९ मध्येच संपलेला, त्यामुळे पॅच आपोआप येणार नव्हता. मार्क कुणी बदलले तर मुलांना तोंड कसं दाखवायचं, हाच विचार डोक्यात. मी त्रुटी दुरुस्त केलेल्या सुडो १.९.५पी२ चा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवला, काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून आधी दुसऱ्या खिडकीत रूटचं टर्मिनल उघडं ठेवलं, आणि कंपाइल करून बसवला. चाचणी दिली. 'युसेज:'. संपलं असं वाटून मी बॅगही भरली.

तरी निघण्याआधी सेटयूआयडी असलेल्या, म्हणजे कुणीही चालवल्या तरी मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या, फाइलींची यादी काढली, आणि त्यात सुडो दोनदा दिसला. नवा 'यूएसआर/लोकल/बिन' मध्ये बसला होता, जुना 'यूएसआर/बिन' मध्ये जसाच्या तसा. नुसतं नाव दिलं की शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आधी नव्याकडे जात होता, म्हणून चाचणी पास. पूर्ण मार्ग देऊन जुना चालवला, तर 'सुडोएडिट:'. हात गार पडले. ज्याला ही त्रुटी वापरायची आहे त्याला पूर्ण मार्ग लिहायला कितीसा वेळ?

जुनी फाइल काढली, तिच्या जागी नव्याकडे जाणारी लिंक ठेवली, यादी पुन्हा काढली. या वेळी सुडो एकदाच. दोन्ही मार्गांनी, मुलांसारखंच एक साधं खातं उघडून, चाचणी दिली. रात्रीचे पावणेआठ झाले होते. काका माझ्यासाठी थांबले होते, थंडी चांगलीच होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्यांना पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलणं सक्तीचं केलं. शुक्रवारी सबमिशन झालं. दोघांतिघांनी फोन करून विचारलं, "सर, नवीन पासवर्ड रोल नंबरच ठेवला तर चालेल का?" प्रत्येकाला का नाही ते नीट समजावून सांगितलं, बॅकस्लॅशपासून.