गेटवरचा आंबा आणि माझं आठवं सत्र

परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयात बी.टेक. करताना सात सत्रं वर्गात आणि प्रयोगशाळेत जातात, आठवं सगळं कारखान्यात. त्याला आम्ही नुसतं ‘इन-प्लांट’ म्हणायचो. माझ्या ज्युनियर मुली अजूनही फोन करून विचारतात, कुठं अर्ज करू, काय शिकायला मिळतं, राहायचं काय. त्यांना दरवेळी थोडं थोडं सांगते. इथं सगळं एकदाच लिहिते.

घरी जिंतूर तालुक्यात कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि कापूस. कृषी प्रवेशात शेतकऱ्यांच्या मुलांना सात-बाराचे जादा गुण मिळतात, त्यांचा मलाही आधार झाला. अण्णांना वाटायचं, मुलगी कृषी अधिकारी होणार. ‘फूड टेक’ म्हणजे स्वयंपाक शिकणं नव्हे, हे घरी समजवायला पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी मी सुट्टीत लॅक्टोमीटर आणून गोठ्यातल्या दुधाची घनता मोजून दाखवली, तेव्हा आजीला पटलं.

जागा शोधणं हा पहिला डोंगर. मी 14 कंपन्यांना मेल केले, उत्तर तिघांचं आलं. मेल पाठवून गप्प बसू नका, फोन करा, आणि एचआरपेक्षा क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या माणसाशी बोलायला मिळालं तर फार बरं. महाविद्यालयाचं पत्र, बोनाफाईड आणि डॉक्टरांचा फिटनेस दाखला आधीच तयार ठेवा. अन्न हाताळणाऱ्या माणसाची वैद्यकीय तपासणी लागतेच, आणि त्या एका कागदासाठी माझे चार दिवस गेले. पहिले दोन महिने मी एका दूध प्रकल्पात काढले. दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवायचं, मग ते नीट तापलं का हे दाखवणारी फॉस्फेटेजची चाचणी, रोज तेच. शिस्त तिथं लागली. मार्चमध्ये मात्र मी रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात गेले. परभणीहून कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरणारी एसटी. मानधन नव्हतं, जेवण आणि दोघींत एक खोली मिळाली.

हंगाम सुरू झाला की दिवस-रात्र एक होतं. डझनाने विकला जाणारा हापूस पेटीत जातो. लहान, डागाळलेला, मोसमाच्या शेवटी उतरलेला आंबा कॅनिंगला येतो, किलोवर. कच्चा असेल तर तो क्रेटमध्ये पिकवायचा. मग धुणं, निवडणं, देठाकडचा भाग कापणं, गर काढणारा पल्पर, चाळणी, तापवणं, गरम भरणं, झाकण लावणं, उकळत्या पाण्यातून काढणं आणि थंड करणं. आंब्याच्या रसाचा पीएच 4.6 च्या बराच खाली असतो, म्हणजे तो पुरेसा आंबट असतो, त्यामुळे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूची भीती राहत नाही आणि डबा 121 अंशांवर तापवावा लागत नाही. पुस्तकात हे एका ओळीत असतं. पण डबा थंड करायच्या पाण्यात क्लोरीन का लागतं, हे मला सीमरशेजारी, म्हणजे झाकण लावणाऱ्या यंत्राशेजारी, उभं राहिल्यावर कळलं. थंड होताना डब्यात निर्वात तयार होतो, आणि झाकणाची शिवण कुठं सैल असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं.

ती शिवण तपासायची माझी पाळी असायची. दर ठरावीक वेळाने एक डबा घ्यायचा, शिवण कापायची, मायक्रोमीटरने बॉडी हूक आणि कव्हर हूक (डब्याच्या आणि झाकणाच्या दुमडलेल्या कडा) मोजायचे, त्यांच्या बेरजेत झाकणाच्या पत्र्याची जाडी मिळवायची आणि शिवणीची लांबी वजा करायची. उरतो तो ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही कडा एकमेकींत किती अडकल्या ते. एका रात्री तो 0.92 मिलिमीटर आला. तिथल्या तक्त्यात किमान 1.0 हवा होता. लाईन थांबवा म्हणायला तोंड उघडत नव्हतं. सीमर चालवणारे काका माझ्याजवळ आले, डब्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मी काही बोलायच्या आत बटण दाबून म्हणाले, “बरोबर सांगतेस.” रोलर पुन्हा बसवायला 40 मिनिटं लागली. मधले डबे बाजूला ठेवून 37 अंशांच्या खोलीत फुगतात का पाहिले.

पण मला जे मनापासून सांगायचं आहे ते गेटवर घडलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मला गेटच्या नमुना टेबलावर बसवलं. टेम्पो आला की ठरावीक क्रेटमधले आंबे काढायचे, उभे कापायचे, साका आहे का पाहायचं आणि पिकलेल्या फळाच्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, घ्यायचं. साका म्हणजे गरात कोयीजवळ पडणारा पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग. बाहेरून फळ सोन्यासारखं दिसतं, कापेपर्यंत कळत नाही. जमिनीची आणि उन्हाची धग, आणि झाडावर जास्त पिकू देणं, ही त्याची कारणं. म्हणून तिथले बागायतदार ‘चौदा आणे’ आंबा उतरवतात, म्हणजे साधारण 85 टक्के तयार झालेला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’त साका नसतो. पण लोकांना हापूसच हवा, आणि बागाही हापूसच्याच.

एका दुपारी दोन वाजता एक वयस्क बागायतदार टेम्पो घेऊन आले. साका जवळजवळ नव्हता. ब्रिक्स मात्र 14.6 दिसलं. रसाला 16 हवं असायचं, त्याखाली खालचा दर. मी लिहिलं. ते म्हणाले, “माझ्या कलमाचा आंबा असा नसतो गो, बाय.” मी दुसरं फळ घेतलं, तेच. तिसरं, तेच. मी म्हटलं, “काका, मशीन दाखवतंय ते लिहावं लागतं.” त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि ते छपरीखाली जाऊन बसले.

‘मशीन दाखवतंय ते लिहावं लागतं’ हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. बाराव्या वर्षी अण्णांबरोबर सोयाबीन घेऊन गेले होते. 12 टक्क्यांच्या वर ओलावा दाखवला म्हणून भाव कापला, आणि काट्यावरचा माणूस हेच म्हणाला होता. अण्णा परतीच्या वाटेवर काही बोलले नव्हते.

मी उठले. आमच्या हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं उपकरण, साधा होता, तापमानाची आपोआप दुरुस्ती करणारा नव्हता. तो 20 अंशांना जुळवलेला असतो, हे मी तिसऱ्या सत्रात लिहून मार्क मिळवले होते. टेम्पोवर उन्हात तापलेला आंबा मी तसाच कापून थेंब टाकत होते. थर्मामीटर रसात घातला: 38. त्या तापमानाला साखरेचं वाचन साधारण दीडने कमी येतं. नमुने वाटीत घेऊन वाट्या गार पाण्यात ठेवल्या, दहा मिनिटं थांबले, पुन्हा घेतलं. 16.1.

केमिस्ट मॅडमना जाऊन सांगितलं, चूक माझी आहे, आणि सकाळी 11 नंतरच्या सगळ्या नोंदी बघाव्या लागतील. त्या रागावल्या, पण लगेच तक्ता घेऊन बसल्या. चार टेम्पोंचे आकडे बदलले. त्यातले तीन निघून गेले होते. त्यांना फोन करून सुधारित दर कळवायला कारखाना तयार झाला, याबद्दल मला त्या माणसांचा आदर वाटतो. छपरीखाली बसलेल्या काकांना मी स्वतः नवी पावती दिली. त्यांनी विचारलं, “काय झालं होतं?” मी थर्मामीटर दाखवून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर गार पाण्याचं घमेलं, थर्मामीटर आणि दुरुस्तीचा तक्ता आला. प्रत्येक आकड्याशेजारी तापमान लिहायचं, असा रकाना मी वहीत आखला. गर्दीच्या वेळी दहा मिनिटं फार वाटतात, ड्रायव्हर हॉर्न देतात. तरी मी थांबायचे.

अहवाल 60 पानांचा झाला. जूनमध्ये तोंडी परीक्षेला परीक्षकांनी तो रकाना पाहून विचारलं, हा का? मी ती दुपार सांगितली, अण्णांच्या सोयाबीनसकट. ते म्हणाले, हे अहवालात का नाही? मी म्हटलं, तिथं ‘निरीक्षणे’ या मथळ्याखाली दोन ओळी आहेत सर, पान 34.

जूनअखेर आठ दिवसांसाठी घरी आले. पेरणी झाली होती. अण्णांना ती दुपार सांगितली. त्यांनी विचारलं, “सोयाबीनच्या त्या मशीनलाही असं काही असतं का?” असतं, म्हटलं. धान्य तापलेलं असेल तर त्याच्याही वाचनात फरक पडू शकतो. दिवाळीनंतर माल काढताना ते म्हणाले, या वेळी तू चल काट्यावर. मी थर्मामीटर घेऊन गेले.