लाख फेऱ्यांमागे वीस जखमी: ई-स्कूटरचा हा आकडा मुंबईत कसा काढायचा?

भाड्याच्या, उभ्याने चालवायच्या ई-स्कूटरचा विषय निघाला की एक आकडा हमखास पुढे येतो: लाख फेऱ्यांमागे २० जखमी. हा आकडा टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराचा. तिथल्या आरोग्य खात्याने आणि सीडीसीने (अमेरिकेची केंद्रीय सार्वजनिक आरोग्य संस्था) ५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर २०१८ या काळातल्या नोंदी तपासल्या. फेऱ्या ९,३६,११०, वापराचे तास १,८२,३३३, अंतर ८,९१,१२१ मैल आणि जखमी चालक १९०. भागाकार केला की लाखामागे २०.३ येतात.

आता याच्या शेजारी अमेरिकेतलंच पोर्टलंड शहर ठेवा. तिथली भाड्याच्या स्कूटरची पहिली चाचणी २३ जुलै ते २० नोव्हेंबर २०१८ अशी १२० दिवस चालली. फेऱ्या ७,००,३६९, अंतर ८,०१,८८७ मैल, दवाखान्यांच्या तातडीच्या विभागांत नोंद झालेल्या भेटी १७६. लाखामागे २५.१. म्हणजे पोर्टलंड ऑस्टिनपेक्षा पाव पटीने जास्त धोकादायक? तेच आकडे किलोमीटरमध्ये मांडून बघा. ऑस्टिनमध्ये लाख किलोमीटरमागे १३.२, पोर्टलंडमध्ये १३.६. फरक जवळजवळ संपला. पोर्टलंडची सरासरी फेरी १.८ किलोमीटरची होती, ऑस्टिनची दीड किलोमीटरची. लांब फेरीत पडायला रस्ताही जास्त मिळतो, एवढंच.

शिवाय हे आकडे मुळात लहान आहेत. १९० जखमींमध्ये निव्वळ योगायोगाने साधारण २७ इकडेतिकडे होऊ शकतात. ते धरले तर ऑस्टिनचा दर लाखामागे १७ ते २३ मध्ये कुठेही असू शकतो आणि पोर्टलंडचा २१ ते २९ मध्ये. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. त्यामुळे दशांश चिन्हापुढचे आकडे घेऊन दोन शहरांची कुस्ती लावण्यात अर्थ नाही.

खरा घोळ मात्र भागाकाराच्या आधीच होतो. वरची संख्या, म्हणजे जखमी, येते रुग्णालयांकडून. खालची, म्हणजे फेऱ्या, येते कंपन्यांकडून. या दोघांनी एकमेकांशी बोलून नोंदी ठेवलेल्या नसतात. ब्रिटनचंच बघा. तिथे जुलै २०२० पासून भाड्याच्या स्कूटरच्या चाचण्या सुरू झाल्या आणि डिसेंबर २०२१ पर्यंत सुमारे १ कोटी ४५ लाख फेऱ्या झाल्या. पोलिसांकडे ई-स्कूटरचा संबंध असलेल्या अपघातांची नोंद २०२१ मध्ये १,३५२ आणि २०२२ मध्ये १,४०२. पण त्या नोंदीत खासगी स्कूटरही आहेत, ज्या तिथे सार्वजनिक रस्त्यावर चालवायला परवानगीच नव्हती. वर सगळ्या स्कूटर, खाली फक्त भाड्याच्या. असा भागाकार करून कोणी दर काढला तर तो बाजूला ठेवावा.

मुंबईत एक अडचण शब्दापासूनच सुरू होते. आपल्याकडे ‘स्कूटर’ म्हणजे अॅक्टिव्हा. ज्या गाडीवरून ऑस्टिन-पोर्टलंडची माणसं पडली ती म्हणजे एक फळी, दोन लहान चाकं आणि उभा दांडा. चालवणारा उभाच असतो. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) २०२० पासून दिसणाऱ्या युलूच्या भाड्याच्या ई-बाइकला सीट आहे. हे तीन वेगळे प्राणी आहेत. पण अपघात विभागात केसपेपरवर एकच ओळ पडते: ‘आरटीए, फॉल फ्रॉम टू-व्हीलर’, म्हणजे रस्ते अपघात, दुचाकीवरून पडले. या ओळीवरून सहा महिन्यांनी कोणालाही काही वेगळं काढता येणार नाही. अमेरिकेतही तसंच होतं. उभ्या ई-स्कूटरवरून पडल्याचा स्वतंत्र कोड तिथल्या रुग्णालयांना ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाला. त्याआधीच्या अभ्यासांत डॉक्टरांच्या टिपणांमधून ‘स्कूटर’ शब्द शोधून एकेक केस हाताने वाचावी लागली.

दुसरी अडचण कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर ती बॅटरीवरची गाडी मोटार वाहनच धरली जात नाही. आरटीओची नंबरप्लेट नाही, लायसन्स लागत नाही. त्यामुळे पोलिसांच्या नोंदीत ती कोणत्या रकान्यात जाईल हे लिहिणाऱ्या हवालदारावर ठरतं. आणि मुळात पोलिसांपर्यंत जातं कोण? कुर्ला स्टेशनहून बीकेसीकडे निघालेला माणूस पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडकून पडला, मनगट दुखावलं, तर तो जवळच्या डॉक्टरकडे ड्रेसिंग आणि टीटीचं इंजेक्शन घेऊन ऑफिस गाठतो. समोर दुसरी गाडी नाही, भांडण नाही, त्यामुळे एफआयआर नाही. ऑस्टिनच्या जखमींपैकी मोटारगाडीशी प्रत्यक्ष टक्कर झालेले फक्त १० टक्के होते. बाकी जवळपास सगळे असेच, पोलिसांच्या वहीत न येणारे.

तरी दोन अपुऱ्या याद्यांमधूनही अंदाज काढता येतो. एक काल्पनिक उदाहरण घ्या. सहा महिन्यांत पोलिसांच्या यादीत २० जखमी, रुग्णालयांच्या यादीत ९०, आणि दोन्हींत सापडणारी माणसं १२. मग २० गुणिले ९०, भागिले १२, म्हणजे एकूण साधारण १५० जखमी असावेत. म्हणजे निदान ५२ दोन्ही याद्यांतून निसटले. यात एक गृहीतक आहे: एका यादीत येण्याचा दुसऱ्या यादीत येण्याशी संबंध नसावा. प्रत्यक्षात गंभीर जखमी दोन्हीकडे येतात आणि किरकोळ कुठेच येत नाहीत, त्यामुळे खरा आकडा १५० च्या वरच असण्याची शक्यता जास्त. किरकोळ आणि गंभीर वेगळे करून हाच हिशेब दोनदा मांडला तर तो जास्त भरवशाचा होतो.

कंपनीकडून आलेला फेऱ्यांचा डेटा दिसायला नीटनेटका असतो आणि म्हणूनच जास्त फसवतो. परदेशातल्या बऱ्याच शहरांत तो एमडीएस नावाच्या ठरावीक साच्यात येतो. हा साचा लॉस एंजेलिसच्या वाहतूक विभागाने २०१८ मध्ये आणला. त्यात वेळ यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, मिलिसेकंदांत लिहिलेली असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे राहिले तर काय होतं बघा. संध्याकाळी साडेसहाची ऑफिस सुटण्याची गर्दी दुपारी एक वाजता दिसते आणि कोणीतरी अहवालात लिहितो की लोक जेवणाच्या सुट्टीत स्कूटर वापरतात. एक तारखेच्या पहाटे दोनची फेरी आदल्या दिवशी रात्री साडेआठला जाऊन बसते. रुग्णालयाची वेळ मात्र घड्याळाप्रमाणे असते, त्यामुळे जखमी आणि त्याची फेरी यांची गाठच पडत नाही. फाइल उघडल्यावर पहिलं काम म्हणून तासांनुसार फेऱ्यांचा आलेख काढावा. पहाटे तीन-चारला तळ दिसला नाही तर वेळ चुकली आहे.

मग बाद फेऱ्यांचा प्रश्न. अनलॉक केली, ब्रेक सैल वाटला, परत लॉक केली, अशीही फेरी मोजली जाते. कंपनीचा माणूस गाड्या टेम्पोत भरून हलवतो, ती हालचालही कधी फेरी म्हणून येते. सरसकट एक मिनिटापेक्षा किंवा १०० मीटरपेक्षा कमी असलेल्या फेऱ्या काढून टाकण्याची पद्धत आहे. माझ्या मते त्या पुसू नयेत, खूण करून बाजूला ठेवाव्यात. नवखा माणूस पहिल्या वीस सेकंदांत, पहिल्याच वळणावर पडतो. त्याची फेरी ४० मीटरची. ती बाद केली तर जखमी वर राहतो आणि त्याची फेरी खालून गायब होते. सरासरी वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर दाखवणाऱ्या फेऱ्या मात्र बिनधास्त तपासायला घ्याव्यात. ती बहुतेक टेम्पोतली गाडी असते किंवा जीपीएसची उडी. बीकेसीतल्या काचेच्या उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतीवरून परावर्तित होऊन येतो आणि उभी गाडी ५० मीटर इकडेतिकडे नाचते. अंतरासाठी चाकातल्या मोटरच्या फेऱ्यांवरून मोजलेला आकडा मागावा; जीपीएसची रेघ फक्त मार्गासाठी वापरावी.

तासांचा आकडाही जपून घ्यावा. ऑस्टिनमध्ये अंतराला तासांनी भागलं तर वेग येतो ताशी ८ किलोमीटरपेक्षाही कमी. सिग्नलला थांबणं आणि चालू ठेवून चहाला जाणं हे सगळं त्या तासांत आहे.

आता पहिल्या फेरीबद्दल. ऑस्टिनमध्ये जखमींपैकी ३३ टक्के पहिल्याच फेरीत पडले आणि ६३ टक्क्यांनी नऊ किंवा त्याहून कमी फेऱ्या केल्या होत्या. यावरून ‘पहिली फेरी धोक्याची’ असं लगेच म्हणता येत नाही. एकूण फेऱ्यांपैकी पहिल्या फेऱ्या किती, ते हवं. त्या १० टक्के असतील तर पहिल्या फेरीचा धोका पुढच्या फेऱ्यांच्या सुमारे साडेचार पट. त्या ३३ टक्केच असतील तर जास्तीचा धोका शून्य. कंपनीला प्रत्येक ग्राहकाचा क्रमांक माहीत असतो, म्हणजे हा आकडा तिच्याकडे असतोच. फक्त मागावा लागतो. यातून आणखी एक गोष्ट कळते. चाचणीच्या पहिल्या महिन्यात नवखे जास्त असतात, म्हणून दर चढा दिसतो आणि पुढे आपोआप उतरतो. त्या उताराचं श्रेय नव्या सूचनाफलकाला देऊ नये.

हेल्मेटचंही तेच. ऑस्टिनच्या १९० जखमींपैकी एकाच्याच डोक्यावर हेल्मेट होतं आणि ४८ टक्क्यांच्या डोक्याला मार होता. हेल्मेट घालावं यात वाद नाहीच. पण त्याने धोका किती घटतो हे काढायला न पडलेल्यांपैकी किती जण हेल्मेट घालतात ते मोजायला हवं. त्यासाठी एकाच चौकात, महिन्यातून चार वेळा, सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास कोणीतरी वही घेऊन उभं राहिलं तरी पुरतं.

रस्त्याचा मुद्दा मुंबईला सगळ्यात जास्त लागू पडतो. ऑस्टिनच्या निम्म्या जखमींनी खड्डा किंवा रस्त्याची भेग हे एक कारण सांगितलं. याचं गणित साधं आहे. उभ्या स्कूटरचं आठ इंची चाक म्हणजे त्रिज्या १० सेंटिमीटर. समोर ५ सेंटिमीटरची कड आली तर ती हळूहळू चढायला चाकावरच्या वजनाच्या १.७ पट जोर पुढे लावावा लागतो. नेहमीच्या स्कूटीच्या चाकाचा व्यास टायरसकट ४० सेंटिमीटरच्या पुढे असतो. तिथे तीच कड ०.९ पटीत पार होते. लहान चाक अडतं, उभा माणूस दांड्यावरून पुढे जातो, हात टेकतो. ऑस्टिनमध्ये ७० टक्के जखमींना हाताला, मनगटाला किंवा खांद्याला लागलं होतं, त्याचं मोठं कारण हेच. पावसाळ्यात ही कड पाण्याखाली असते. म्हणून मुंबईत डिसेंबर ते मे अशी सहा महिन्यांची चाचणी घेऊन दर जाहीर केला तर तो मुंबईचा दर नाही.

चाचणी किती मोठी हवी? दर २० टक्के इकडेतिकडे इतका तरी पक्का हवा असेल तर साधारण १०० जखमींची नोंद लागते. ऑस्टिनचा दर धरला तर त्यासाठी सुमारे ५ लाख फेऱ्या व्हायला हव्यात. ५०० गाड्या, प्रत्येकीच्या दिवसाला ३ फेऱ्या, म्हणजे रोज १,५०० आणि एकूण ३३० दिवस. पावसाळ्याचा बराचसा भाग त्यात येतोच. आणि या ५ लाख फेऱ्यांत एकही मृत्यू झाला नाही, तरी त्यावरून एवढंच म्हणता येतं की मृत्यूचा दर १ लाख ६७ हजार फेऱ्यांमागे एकाहून जास्त नसावा. ‘शून्य मृत्यू’ हा मथळा त्याहून पुष्कळ मोठा दावा करतो.

अपघात विभागात वेळ नसतो, त्यामुळे तिथे मोठा फॉर्म चालणार नाही. पाच प्रश्नांचा शिक्का पुरे: उभी की सीटची, भाड्याची की स्वतःची, पहिली फेरी का, हेल्मेट होतं का, आणि गाडीवरचा क्रमांक काय. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. क्रमांक आणि अंदाजे वेळ मिळाली की कंपनीच्या नोंदीत नेमकी ती फेरी सापडते: वेग किती होता, ब्रेक कधी दाबला, कुठल्या खड्ड्यापाशी रेघ थांबली. मात्र तो क्रमांक आज बहुतेक गाड्यांवर क्यूआर कोडखाली बारीक अक्षरांत असतो आणि पडलेल्या माणसाला तो आठवत नाही. तो मागच्या मडगार्डवर, तीन इंची आकड्यांत, दोन्ही बाजूंनी रंगवलेला असावा ही अट कंपनीच्या परवान्यातच घालावी, म्हणजे त्याला उचलणारा रिक्षावाला तो वाचून सांगू शकेल.