एका टेबलासाठी पाचशेचा स्टॅम्प

कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या जत्रेत, आर्टिस्ट टेबल (आपली चित्रं विकायला भाड्याने मिळणारं टेबल) कसं मिळवायचं, हे मला आता बरेच जण विचारतात. कोल्हापूर-सांगलीकडची चित्रकार मंडळी तर हमखास. अर्ज, निवड, पैसे भरणं, प्रिंट काढणं यात अवघड काहीच नाही. अवघड आहे तो मधला एक कागद. त्या कागदाचं नाव काढलं तरी माझं डोकं अजून तापतं, म्हणून आज तो विषय एकदाचा लिहूनच टाकते.

मी चित्रकार. घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचे वर्ग घेते, मित्रमैत्रिणींबरोबर कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात चित्रं लावते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता पुण्यात असते आणि फोमची चिलखतं बनवून, कॉमिक्समधल्या पात्रांची वेशभूषा करून कन्व्हेन्शनला जाते. “मॅडम, तुम्ही तिथे टेबल घ्याच, लोक रांग लावतील,” असं ती कधीची मागे लागली होती. शेवटी मुंबईतल्या एका कन्व्हेन्शनला अर्ज केला. कामाचे नमुने पाठवले, निवड झाली, टेबलाचं भाडं भरलं. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग आला ‘विक्रेता नोंदणी’ नावाचा ऑनलाइन फॉर्म. त्यात जीएसटी क्रमांकाचा रकाना सक्तीचा. पंधरा अक्षरं टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. माझ्याकडे जीएसटी नंबर नाही, कारण मला तो लागतच नाही. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची गरज नाही. समोर बसून स्केच काढून देणं ही सेवा धरली, तरी तिची मर्यादा 20 लाख आहे. प्रिंट आणि स्टिकर विकणारी कुठली चित्रकार त्या आकड्याच्या जवळपास तरी जाते?

ईमेल केला. उत्तर आलं की नंबर नसेल तर सोबतच्या नमुन्यात प्रतिज्ञापत्र द्या, 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून. नमुना उघडला तर त्यात ‘आमची कंपनी’, ‘संचालक मंडळाचा ठराव’, ‘कंपनीचा शिक्का’. मी एकटी बाई, माझी कसली कंपनी आणि कुठले संचालक! तरी म्हटलं, काम होण्याशी मतलब. मजकूर व्यक्तीला लागू होईल असा करून घेतला आणि स्टॅम्प व्हेंडरकडे गेले.

तिथे कळलं की 100 चा स्टॅम्प आता चालत नाही. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात अशा कागदांचं किमान मुद्रांक शुल्क 500 रुपये झालंय, पूर्वीचे 100 आणि 200 गेले. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला माफी आहे, पण खासगी आयोजकाला द्यायचं असेल तर पाचशे मोजावेच लागतात. मोजले. नोटरीच्या रजिस्टरवर सही केली, लाल शिक्का उमटला, स्कॅन करून कागद चढवला.

तो परत आला. शेरा होता, ‘स्टॅम्प पेपरचे मूल्य नमुन्याप्रमाणे नाही.’

म्हणजे मी कायद्याने जेवढे लागतात तेवढे पैसे भरले आणि त्यांच्या जुन्या नमुन्यात 100 लिहिलंय म्हणून माझा कागद बाद! तपासणारी माणसं बसलीत परराज्यात. आपल्याकडचा नियम त्यांना ठाऊक नसेल, हे मी समजू शकते. पण मी समजावून लिहिल्यावर तरी वाचायला नको? मी सविस्तर ईमेल लिहिला. उत्तरादाखल पुन्हा तोच नमुना जोडून आला आणि खाली लिहिलं होतं की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. पुन्हा लिहिलं तर नवा तक्रार क्रमांक, नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून रामायण. फोन नंबर कुठेच नाही. वेबसाइटवरच्या चॅटमध्ये यंत्र बोलतं आणि ते मला तिकिटांचे दर सांगत राहतं.

यात दिवस जात होते. टेबल रद्द झालं तर भाडं परत मिळणार नाही, ही अट मी वाचलेली होती. प्रिंट छापायला टाकू की नको, हेच ठरेना. चांगल्या जाड कागदावर रंगीत प्रिंट काढायला पैसे लागतात आणि ते अडकवून ठेवायची माझी ऐपत नाही. रात्री मुलांच्या वह्या तपासताना मध्येच उठून ईमेल बघायचे. आमच्या नोटरी वकिलांनी तर सांगितलं, “ताई, त्यांना शंभरचाच हवा असेल तर घ्या एक आणि द्या करून.” मी नाही म्हटलं. कमी शुल्काचा कागद करून द्यायचा आणि खाली ‘वरील मजकूर खरा आहे’ म्हणून सही करायची, हे मला पटणारं नव्हतं. शिवाय उद्या त्यांनीच म्हटलं असतं की शुल्क कमी भरलंय, तर दाद कुणाकडे मागायची?

शेवटी मार्ग सापडला तो कागदांच्या खिडकीतून नव्हे. निवड झाल्याचा पहिला ईमेल ज्यांच्याकडून आला होता, त्या निवड समितीतल्या माणसाला मी थेट लिहिलं. ईमेल मुद्दाम छोटा ठेवला. मुद्रांक शुल्काची अधिसूचना जोडली, त्यातली प्रतिज्ञापत्राची ओळ पिवळी करून. शेजारच्या सीएकडून त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी घेतल्या की या बाईंना नोंदणी लागू नाही. तो माणूस स्वतः चित्रकार निघाला. त्याने आतून कुणाला तरी फोन केला आणि त्याच संध्याकाळी माझ्या नावापुढे हिरवी खूण आली. कागद तोच, शिक्का तोच, स्टॅम्पही तोच पाचशेचा. मी आनंदाने ओरडलेच, घरातले सगळे धावत बाहेर आले.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की निवड करणाऱ्या माणसाचा ईमेल जपून ठेवा. कागद तपासणाऱ्यांच्या लेखी तुम्ही एक क्रमांक असता. निवडणाऱ्याने तुमचं काम पाहिलेलं असतं.

स्टॅम्प स्वतःच्याच नावाने घ्या, आणि फार आधी घेऊन ठेवू नका. खरेदीपासून सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद होतो. आणि हा सगळा हिशेब महाराष्ट्रात बसलात तरचा. बंगळुरू किंवा हैदराबादला टेबल लावायचं म्हटलं की परराज्यात तात्पुरती विक्री होते आणि तिथे उलाढालीची मर्यादा सांगून सुटका होईलच असं नाही. आधी सीएला विचारा, मग भाडं भरा.

आता कन्व्हेन्शनबद्दल. माल आत नेण्याची वेळ आदल्या दिवशीची असते, ती चुकवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य दारातून खोकी नेऊ देत नाहीत. एक्स्टेन्शन बोर्ड आपला न्या. सभागृहात गर्दी झाली की मोबाइलचं नेटवर्क बसतं आणि यूपीआय अडकतं, म्हणून सुटे पैसे ठेवा. पन्नासाच्या नोटा भरपूर. सगळ्यात जास्त खपतात ते स्टिकर, त्याखालोखाल ए-फोर प्रिंट. मोठी चित्रं लोक प्रेमाने बघतात, पण लोकलमधून न्यायची कशी म्हणून घेत नाहीत. प्रिंटना प्लास्टिकचं पाकीट असू द्या, नाहीतर हाताळून कोपरे दुमडतात.

मी वेशभूषा करून आलेल्या मुलांची ब्रशपेनने समोरासमोर स्केचेस काढून देत होते, एकाचे 300 रुपये. ही मुलं! त्यांच्याबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण आपल्याकडच्या बातम्यांत त्यांचा फक्त एखादा गमतीदार फोटो येतो. मी जवळून पाहिलं. ईव्हीए फोमचे पत्रे, म्हणजे चपलांच्या तळव्याला वापरतात तेच. ते कटरने कापायचे, हीट गनने तापवून गुडघ्यावर दाबून गोल करायचे, चपला चिकटवायचं सोल्यूशन लावून सांधायचे, मग प्राइमर आणि त्यावर रंग. एक मुलगी आली होती, अंगावर खांद्यापासून मांडीपर्यंत चिलखत. दुरून अस्सल पोलाद वाटत होतं. जवळ आल्यावर दिसलं की तिने आधी सगळीकडे काळा रंग दिलाय, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी फक्त कडांवर ओढलाय आणि खाचांत तपकिरी सोडून गंज दाखवलाय. छाया-प्रकाशाचं हे ज्ञान मी माझ्या वर्गात महिनोन्‌महिने शिकवते. ही कॉमर्सची विद्यार्थिनी, रात्री गच्चीवर बसून स्वतः शिकलेली. तिच्या डाव्या खांद्याचा सांधा सुटत आला होता. स्टेजवर जायला थोडाच वेळ उरलेला, चेहरा रडवेला. माझ्याकडे ग्लू गन होती, बोर्डही होता. लावून दिला, वरून सांध्यावर काळा-चंदेरी हात मारला. ती गेली आणि पुढचा तासभर तिच्या ओळखीची मुलं एकामागून एक माझ्या टेबलापाशी येत राहिली, कुणाचा पट्टा तुटलेला, कुणाचं शिंग वाकलेलं. ग्लू गन नक्की न्या. त्यातून ओळखी होतात आणि त्या ओळखी टिकतात.

आमच्या शेजारच्या सिंधुदुर्गात दशावतारातला नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, आरशात बघून, कुणाची मदत न घेता, आणि मग रात्रभर राजा होऊन उभा राहतो. या मुलांचं मला तसंच वाटलं. फोटो काढण्याआधी त्यांना विचारा, हे मात्र आवर्जून सांगते. पोशाख सगळ्यांना बघण्यासाठी केलेला असला तरी अंगाला हात लावायची परवानगी त्यात येत नाही. मुलींना याचा फार त्रास होतो. मी दोघातिघांना टेबलावरूनच दरडावलं.

त्या दिवसांत आमच्या चित्रकारांच्या ग्रुपवर एकच विषय होता, केशवराव भोसले नाट्यगृह. 1915 साली शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाली. ती घटना आम्हा कोल्हापूरकरांच्या मनातून अजून जात नाही. बांधकाम कसं व्हावं, जुनं काय राखावं यावर तावातावाने चर्चा चालायची. मी त्या ग्रुपवर कन्व्हेन्शनचे फोटो टाकले तेव्हा एका ज्येष्ठ चित्रकारांनी लिहिलं, “हे आपल्या क्षेत्रात मोडत नाही.” मला ते मुळीच मान्य नाही. आमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत होते. त्याच हातांनी पुढे बाबूरावांनी कॅमेरा घडवला आणि सिनेमा उभा केला. ज्या गावात पडदे रंगवणाऱ्याला चित्रकार म्हणून मान मिळाला, त्या गावाने फोमवर पोलाद रंगवणाऱ्या मुलीला वेगळ्या रांगेत का बसवायचं? कलादालनातल्या आमच्या प्रदर्शनाला येणारे बरेचसे आमचेच ओळखीचे असतात. इथे अनोळखी मुलं येऊन विचारत होती, ही रेघ कुठल्या ब्रशची, हात किती वर्षांनी असा बसतो. एवढ्या कुतूहलाने मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं.

टेबलाचं भाडं निघालं, प्रवास निघाला, वर थोडे पैसेही राहिले. नोटरी आणि स्टॅम्पचा खर्च मात्र मी कुठल्याच हिशेबात धरत नाही, तो मनाला अजून लागतो. आयोजकांना परत आल्यावर पत्र पाठवलंय. मागणी साधी आहे. जीएसटीच्या रकान्याखाली ‘नोंदणी लागू नाही’ असा पर्याय द्या, साध्या कागदावरचं स्वघोषणापत्र घ्या आणि चित्रकारांसाठी फोन उचलणारा एक माणूस नेमा. तुमच्यापैकी ज्यांना असाच त्रास झाला असेल त्यांनीही लिहा. एकटीच्या पत्राला कुणी हलत नाही, पंचवीस पत्रं गेली तर नमुना बदलेल.

अजून एक राहिलंच. टेबलाला जमिनीपर्यंत लोंबेल अशी गडद चादर न्या. खोकी, डबा, पाण्याच्या बाटल्या सगळं खाली झाकलं जातं आणि चित्रं उठून दिसतात.