तुम्ही विचारलंत म्हणून: सायरन वाजत असताना आम्ही हसतो कसे

ठाण्याहून, पनवेलहून, अलिबागहून फोन येतात. ख्यालीखुशाली झाली की प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे रॉकेटं पडतात आणि तुम्ही त्यावर विनोद करता? भीती नाही वाटत?" मी इस्राएलमध्ये अश्कलोनला राहते. "सवय झाली" म्हणून आजवर विषय संपवत आले. आज नीट सांगते. कारण "तुम्ही फार शूर बाई" हे मला नको आहे, आणि "माणसं मरतात तिथे हसू फुटतं कसं" हेही ऐकवत नाही.

गाझाची हद्द इथून जेमतेम १३ किलोमीटर. सायरन झाला की आडोशाला पोचायला ३० सेकंद मिळतात. नव्या इमारतींत घरोघरी ममाद असतो, म्हणजे जाड काँक्रीटची खोली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर तसा नियमच झाला. आमची इमारत त्याआधीची, म्हणून आम्ही जिन्यात उभे राहतो. धमाका ऐकू आला तरी १० मिनिटं हलायचं नाही. ती १० मिनिटं काढायची कशी, ते सांगा. कुणाच्या डोक्याला शाम्पूचा फेस, कुणाच्या हातात झारा तसाच. अंघोळीला कधी जावं हा अशा दिवसांत अख्ख्या शहराचा विषय असतो. त्यावर एकदा आई म्हणाली, "अर्धी राहिली तर राहू दे. उरलेली अंघोळ लोक घालतीलच." मी ते शेजाऱ्यांना हिब्रूत सांगितलं. मयताला अंघोळ आमच्यातही घालतात, त्यांच्यातही. सगळा जिना हसला. तुमच्याकडे फिरला तो विनोद हाच.

त्यानंतर काय झालं ते कुणी विचारलं नाही.

११ मे २०२१. सायरन थांबतच नव्हते. आईचे गुडघे गेलेले. ३० सेकंदांत ती पलंगावरून उठून दारापर्यंतही पोचायची नाही. मी तिला काखेत धरून ओढायची, ती कळवळायची, आणि आम्ही जिन्यात पोचेपर्यंत वर धमाका होऊन गेलेला असायचा. संध्याकाळी बातमी आली. आमच्याच शहरात एका घरावर रॉकेट पडलं आणि म्हाताऱ्या बाईला सांभाळायला आलेली केरळची एक तरुण बाई गेली. आईनं विचारलं, "आपल्याकडची?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ बोलली नाही. पुढचा सायरन झाला तेव्हा तिनं पलंगाची कड घट्ट धरली. "मी येत नाही. ती पण कुणाच्या तरी म्हातारपणापायी अडकली. तू जा." मी ओरडले. आईवर मी तशी कधीच ओरडले नव्हते. ती हलली नाही. मग मीच तिच्याजवळ बसले, भिंतीला पाठ लावून. माझे हात थरथरत होते, ते तिनं पाहिलं. म्हणाली, "बरं झालं, आज मी दुपारीच अंघोळ केली."

मी हसले. तिला विनोद सुचला होता असं नाही, तिला माझे हात थांबवायचे होते. आणि मी हसले नसते तर मी किती घाबरले आहे ते तिला कळलं असतं. तुम्ही ज्याला हिंमत म्हणता ते आमच्या घरात एवढंच आहे.

आणखी एक. हे हसू आम्हाला परवडतं. आयर्न डोम म्हणजे येणारं रॉकेट हवेतच पाडणारी आमच्याकडची यंत्रणा. एप्रिल २०११ मध्ये तिनं पहिलं रॉकेट पाडलं ते अश्कलोनवरच, आणि मला आठवतं तसं जिन्यातले विनोद त्यानंतरच वाढले. पलीकडे गाझात ना सायरन, ना लोकांसाठी निवारे, ना दर वेळी कुणी ३० सेकंद देतं. २०१४ च्या उन्हाळ्यातल्या युद्धात तिथे २,००० हून जास्त माणसं गेली. आमच्या खिडक्या तिथे पडणाऱ्या बाँबनीही हादरायच्या. तिथल्या एखाद्या बाईनं आमचं जिन्यातलं हसणं ऐकलं तर तिला मी काय सांगू? माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हणून आईचं ते वाक्य मी परत घेणार नाही.

२०१४ मध्ये मी तुम्हाला फोनवर अभिमानानं सांगायची, "आमचं मनोबल कुणी मोडू शकत नाही." आज ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. पण तेव्हाची मी माझं ऐकणार नाही. ती म्हणेल, पोरं लहान होती, त्यांच्यासमोर दुसरं काय बोलायचं होतं?

त्याच पोरांतली थोरली आता माझ्याशी भांडते. तिचं म्हणणं, आपण जिन्यात हसत बसलो म्हणूनच जुन्या इमारतींना सुरक्षित खोल्या मिळायला इतकी वर्षं लागताहेत. रडलो असतो, रस्त्यावर बसलो असतो, तर सरकारला ऐकावं लागलं असतं. मी तिला म्हणते, आजीला घेऊन रस्त्यावर कशी बसणार होते मी? ती म्हणते, आजीसाठीच बसायला हवं होतं. शुक्रवारी जेवताना हे भांडण पुन्हा निघतं, आणि आई दोघींनाही गप्प बसायला सांगते.