सिफिलिसनंतरची तपासणी आणि 'रिअ‍ॅक्टिव्ह'चा घोळ

सिफिलिस या गुप्तरोगाचं इंजेक्शन नंतरच्या तपासणीच्या मानाने लवकर उरकतं. बेंझाथीन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, निम्मं एका कुल्ल्यात, निम्मं दुसऱ्यात. धड बसवत नाही. रात्री थंडी वाजून ताप आला, पण येऊ शकतो हे डॉक्टर मॅडमनी आधीच सांगितलं होतं. डोकं फिरलं ते तीन महिन्यांनंतरच्या रक्ततपासणीत.

इंजेक्शनच्या दिवशी माझ्या व्हीडीआरएल या सिफिलिसच्या रक्तचाचणीचं टायटर १:६४ होतं, म्हणजे सीरम ६४ पट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह. हा आकडा चौपट खाली यायला हवा, म्हणजे १:१६ किंवा त्याहून कमी, तर औषध लागू पडलं. मॅडमनी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तपासायला सांगितलं होतं.

त्याच लॅबमध्ये रक्त दिलं. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला: 'व्हीडीआरएल – रिअ‍ॅक्टिव्ह'. म्हणजे पॉझिटिव्ह. बस. आकडा नाही. अरे, रिअ‍ॅक्टिव्ह तर मी आधीपासून आहेच!

दुसऱ्या दिवशी काउंटरवर गेलो. मागे रांग. मी हळू आवाजात विचारतोय आणि बाई अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, "व्हीडीआरएल ना? पॉझिटिव्ह आहे सर तुमची." म्हटलं, टायटर हवंय. "पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. त्यात कमी-जास्त काय असतं?" वर सल्ला, "टीपीएचए करून घ्या, त्यात पक्कं कळेल." टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी रक्तचाचणी, ती एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांची जन्मभर तशीच राहते, उपचार होऊनही. त्या टेस्टचे पैसे भरून मला काय कळणार होतं? हे सांगितल्यावर ती म्हणाली, मग टायटरचं नवीन बिल करा, परत रक्त द्या.

मी हटलो नाही. पॅथॉलॉजिस्टशी बोलायचंय म्हणून खुर्चीत बसून राहिलो. "सर जेवायला गेलेत", "सर मीटिंगमध्ये आहेत". शेवटी ते स्वतःच बाहेर आले, माझा जुना रिपोर्ट बघितला आणि आतून रजिस्टर मागवलं. माझ्या नंबरापुढे निळ्या पेनने १:१६ लिहिलेलं होतं! सीरम पातळ करत करत तपासून झालं होतं. छापील रिपोर्टात तेवढा रकाना नव्हता, म्हणून कुणी टाकलं नव्हतं. दहा मिनिटांत सुधारित रिपोर्ट हातात. इतकं हायसं वाटलं की भांडायचंही राहून गेलं.

तर चिठ्ठीवर 'व्हीडीआरएल, टायटरसह' असं डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. लॅब बदलू नका. एकदा व्हीडीआरएल, एकदा आरपीआर (तशीच दुसरी चाचणी) असंही करू नका, दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पहिला रिपोर्ट जपा, त्याच्याशिवाय घट कशावरून मोजणार? एचआयव्हीची चाचणीही तीन महिन्यांनी परत करायची असते, ती सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) फुकट होते. खाजगीचा खर्च झेपत नसेल तर तिथल्याच सुरक्षा क्लिनिकमध्ये जा, गुप्तरोगांची तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत.

आणि हो, जोडीदाराचा उपचार. तो झाला नाही तर पुन्हा लागण होऊन तुमचा उतरलेला आकडा परत चढू शकतो.

सहा महिन्यांना माझं १:४ आलं. काहींचा असा बारका आकडा वर्षानुवर्षं रेंगाळतो, तो वाढत नाही ना एवढं बघायचं, असं मॅडम म्हणाल्या. वर्षाची तपासणी अजून बाकी आहे.