पावसात फोर्कलिफ्टचा सिलेंडर बदलताना

आंब्याचा सीझन संपता संपता रत्नागिरीत पल्पच्या ड्रमांची हलवाहलव जोरात असते आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळायला लागतो, मग फोर्कलिफ्टचा गॅस (एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण) संपत आला की ड्रायव्हर ती सरळ गोडाऊनमध्ये घालतो आणि गटाराच्या जाळीशेजारीच सिलेंडर बदलायला घेतो. भिजायची हौस कोणाला नसते, मान्य. पण प्रोपेन हवेच्या दीडपट जड, आपल्या एलपीजीत असतो तो ब्युटेन त्याहून जड, सुटलेला गॅस वर उडून जात नाही, खाली बसतो आणि उतार धरून गटारात शिरतो. हवेत साधारण २ टक्के झाला तरी ठिणगी पुरे. म्हणून वर पत्रा असला तरी चालेल पण बाजू मोकळ्या हव्यात, आणि विडीवाल्यांना आधी लांब हाकला.

काटे खाली, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू ठेवूनच सिलेंडरचा वॉल्व्ह बंद करायचा. पाइपातला उरलेला गॅस इंजिन पिऊन टाकतं आणि आपोआप बंद पडतं, मग चावी काढा. हे न करता कपलिंग, म्हणजे पाइप आणि सिलेंडरचा जोड, सोडलं तर पाइपातलं लिक्विड बाहेर येतं, आणि प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, हातावर उडाला तर भाजल्यासारखीच कातडी जाते. हातमोजे आणि चष्मा त्यासाठी.

नवा सिलेंडर आडवा ठेवताना त्याच्या कॉलरमधलं (वॉल्व्हभोवतीच्या कड्यातलं) भोक ब्रॅकेटच्या, म्हणजे फोर्कलिफ्टवरच्या सिलेंडरच्या बैठकीच्या, पिनवर नीट बसलंच पाहिजे. घाईत कोणी तो कसाही ठेवतो आणि पट्टा आवळतो. पिन बसली की सेफ्टी वॉल्व्ह वरच्या अंगाला, म्हणजे वाफेच्या जागेत येतो, नाहीतर तो लिक्विडमध्ये बुडतो आणि कधी उघडलाच तर लिक्विड फेकतो, ज्याच्या एका लिटरचा अडीचशे लिटरच्या वर गॅस होतो. (घरगुती लाल सिलेंडर लावायची आयडिया देणारे महाभाग असतात. तो उभा ठेवून वाफ घ्यायचा, फोर्कलिफ्टला लिक्विड लागतं, आणि ते बेकायदेशीर आहे ते वेगळंच.)

आपल्याकडचा खारा वारा कशालाच सोडत नाही, पट्ट्याचा खटका आणि ब्रॅकेट गंजतात, ते दर वेळी बघा. कपलिंगमधली काळी ओ-रिंग (रबरी कडी) बोटाने चाचपा, चिरलेली किंवा कडक वाटली की बदला, दोन-चार रुपयांच्या वस्तूसाठी कंजुषी कशाला? कपलिंग हातानेच आवळायचं, पाना लावून नाही. मग वॉल्व्ह थोडा उघडून जोडावर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे आले किंवा बर्फ धरला तर लगेच बंद.

वॉल्व्ह सावकाश उघडा. झटक्यात उघडला तर आतला जास्त प्रवाह अडवणारा वॉल्व्ह मिटतो आणि इंजिनला गॅसच मिळत नाही, मग लोक स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवतात. बंद करा, थोडं थांबा, परत हळू उघडा, बहुतेक वेळा मेकॅनिकला फोन करावाच लागत नाही.