नव्वद सेकंदांचा रूपक

भाचीनं कॉलेजसाठी फिल्म केलीय. पुरती ९० सेकंदांची. कृष्णेचा घाट, पहाटेचं धुकं, मागं सांगलीचा १९२९ सालचा आयर्विन पूल. बोलणं कुणाचंच नाही. "मामा, तू पेटी वाजवतोस, म्युझिक पण तूच कर की," म्हणाली आणि माझ्या लॅपटॉपवर कसलं तरी सॉफ्टवेअर टाकून पुण्याला निघूनही गेली.

उघडलं तर नुसते चौकोन. डावीकडं पेटीची पट्टी उभी केलेली, समोर वहीसारखे रकाने. रकान्यात टिचकी मारली की सूर. भाता नाही, त्यामुळं डाव्या हाताला दोन दिवस काही सुचेना. मिनिटाला १२० मात्रा आणि चार-चारचा ठेका त्यानं मला न विचारताच धरलेला. मला हवा होता सात मात्रांचा रूपक ताल. नदीला तोच शोभतो, असं माझं मत. पुरावा मागू नका.

चाराचे सात केले. पण १२०च्या लयीत ९० सेकंदांच्या १८० मात्रा होतात. सातानं भागलं की २५ आवर्तनं, वर पाच मात्रा लोंबकळत. फिल्म संपते तेव्हा तबला अर्ध्या वाटेत. किराणा बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. लय ११२ केली, तर १६८ मात्रा, बरोबर २४ आवर्तनं! भागाकारानं शाळेत इतका आनंद कधी दिला नव्हता.

मींडेनं, म्हणजे सूर न तोडता एकावरून दुसऱ्यावर घसरण्यानं, मात्र छळलं. षड्जावरून शुद्ध गंधारापर्यंत सूर ओढायचा, तर तो रिषभावर येऊन हटून बसे. शेवटी कळलं, सूर ओढायच्या त्या चाकाची धाव मुळात दोनच अर्धस्वरांची ठेवलेली. ती चार केली तेव्हा गंधार आला. आला, पण सरळ रेघेत, वाटेत रिषभाला नमस्कारही न करता.

तंबोरा सॉफ्टवेअरमध्ये होता. पण तंबोऱ्यांचं गाव मिरज हाकेच्या अंतरावर असताना तंबोरा लॅपटॉपमधून घ्यायचा, हे काही बरं दिसेना. वडिलांचा मिरजेचा तंबोरा गवसणीतून काढला. तारा मिळवल्या, तरी आवाज बद्द. घोडीवर तारेखालचा दोरा नखानं केसभर सरकवला आणि जवारी, तारेची ती गुंजणारी आस, एकदम खुलली. पंखा बंद करून, मोबाइल भोपळ्याशी ठेवून, घामाघूम होत तीन मिनिटं छेडला. मधेच भंगारवाल्याची हाळी आली, तीही सुरात. पहाटेच्या घाटावर भंगारवाला कुठला, म्हणून तेवढा तुकडा कापला. जिवावर आलं.

फाइल पाठवली. रात्री फोन. "मामा, शेवट तुटल्यासारखा वाटतोय. शेवटची थाप कुठाय?"

खरंच की. २४ आवर्तनं संपून सम, म्हणजे पुढची पहिली मात्रा, येते ती नेमकी नव्वदाव्या सेकंदाला, आणि तिथं तर फाइलच संपते. "रूपकात समेवर खालीच असते, भरीव थाप नसतेच," मी ठणकावलं.

पलीकडं जरा शांतता. मग म्हणाली, "पडदा काळा झाल्यावर दोन सेकंद वाढवू का?"

"वाढव की. तंबोरा तीन मिनिटांचा आहे."